पुठ्ठ्याचा कीबोर्ड

मंडळी, आत्ताच शाळेतून आले. चहा ठेवलाय, पण आधी हे सांगते.

आर्णीजवळच्या एका तांड्यावर आमची चौथीपर्यंतची शाळा आहे. संगणक एकच, तोही दोन वर्षांपासून बंद. शाळेची ऑनलाइन माहिती भरायला मात्र रोज नवी लिंक येते! शेवटी मीच खोक्याच्या पुठ्ठ्यावर स्केचपेननं कीबोर्ड काढला. पोरं त्यावर बोट ठेवतात आणि ते अक्षर मोठ्यानं म्हणतात. हेच आमचं टायपिंग.

आज भाच्याचा जुना लॅपटॉप घरून चार्ज करून नेला. पहिला नंबर चौथीतल्या पायलचा. तिनं फ्रॉकला हात पुसले आणि सुरू केलं, "पी... ए... वाय... ए... एल..." एकही अक्षर चुकलं नाही. पण नजर काही कीबोर्डवरून हलेना. झालं म्हणून ती उठायलाही लागली. पुठ्ठ्यावर कधी काही उमटतच नाही, मग ती वर कायले पाहील?

"पायल, वर पाह्य ना बाई," मी म्हणाले.

तिनं पाहिलं. स्क्रीनवर तिचं नाव होतं.

"मॅडम, हे कोनं लिहलं?"

"तूनंच लिहलं."

ती हसली. नावावरून हळूच बोट फिरवलं. मग माझ्याकडे वळली.

"मंग मॅडम, मी एवढे दिवस पुठ्ठ्यावर लिहलं, ते कुठी गेलं?"

इकडे चहा उतू गेला. तुम्ही असता तर काय सांगितलं असतं तिला?