मडगार्डवरची जागा

लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मी नवऱ्याशी जे काही बोलले, ते ओरडून बोलले. भांडत होतो म्हणून नव्हे. आम्हाला बोलायला जागा मिळाली ती ट्रॅक्टरवर, आणि चालत्या ट्रॅक्टरवर हळू बोलून भागत नाही.

नवं राज्य होऊन तेव्हा फार काळ लोटला नव्हता. माझं सासर मेहकर तालुक्यातलं, जानेफळचा बाजार करून पायी परत येता येईल एवढ्या अंतरावर. घरात सासू-सासरे, मोठे दीर, जाऊबाई, त्यांची मुलं आणि आम्ही दोघं. सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची, सासूला आत्याबाई. मामाजींची बैठक ओसरीवर असायची आणि घरात येणंजाणं सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून. वडीलधाऱ्यांसमोर नवरा-बायकोनं एकमेकांशी बोलायचं नाही, हा रिवाज. मामाजी आणि आत्याबाई नातवंडांचे आजी-आजोबा झाले तरी तो पाळत होते. मामाजी खांबाकडे बघून म्हणायचे, "पानी पाह्यजे होतं." पाणी यायचं. आत्याबाई मांजराला सांगायच्या, "तुरीची दाय सरली." संध्याकाळी डाळ यायची. आमच्या घरातलं त्या मांजराला जेवढं ठाऊक होतं, तेवढं मला नव्हतं.

रात्री तरी बोलावं, तर आमच्या आणि आत्याबाईंच्या अंथरुणामध्ये फक्त ज्वारीच्या पोत्यांची थप्पी, आणि आत्याबाईंची झोप भारी सावध. आम्ही श्वासही जपून घ्यायचो.

पण आमचं एक वावर गावापासून लांब, नाल्यापलीकडे होतं. शिदोरी घेऊन आणि तिथल्या बायांच्या कामावर लक्ष ठेवायला मला जावं लागायचं, आणि हे ट्रॅक्टर घेऊन जायचे. ट्रॅक्टर लहानसाच होता. आसपास तेव्हा ट्रॅक्टर क्वचितच दिसायचे, म्हणून त्याचा तोरा मात्र मोठा. गावातून निघताना मी मागे ट्रॉलीत बसायची, डोक्यावर पदर, नजर खाली. गाव संपून वावरांतून जाणारी पांदण लागली की हे थांबायचे. मी उतरून पुढे यायची आणि ह्यांच्या शेजारी मडगार्डवर बसायची. तिथं ह्यांनी गोणपाटाची जाड घडी सुतळीनं बांधून ठेवली होती. घरात कुणी विचारलंच, तर डबा सांडू नये म्हणून, असं उत्तर आम्ही ठरवून ठेवलं होतं. विचारलं कुणीच नाही.

त्या पांदणीत आमचा संसार झाला, असंच मी म्हणेन. दोन्ही बाजूंना बोरी-बाभळीचं दाट कुंपण, खाली खड्डे, आणि इंजिनचा तो ठणठणाट. मी ह्यांच्या कानाशी ओरडायची, हे समोर बघत मला ओरडून उत्तर द्यायचे. माहेरची आठवण येते, हे मी ओरडून सांगितलं. जाऊबाई मला कसं टोचून बोलल्या, तेही. हे मलकापूरला ट्रॅक्टरचा सुटा भाग आणायला गेले, तेव्हा रेल्वेतून उतरताना ह्यांची टोपी उडाली आणि हे रुळापर्यंत तिच्यामागे गेले, हे ह्यांनी मला हसत ओरडून सांगितलं. "तू मले आवडतं," हेसुद्धा ह्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं ते नाला चढताना, पहिल्या गिअरमध्ये, घसा ताणून. अशी गोष्ट कुणी अशी सांगतं का? पण मला ती तशीच मिळाली, आणि मी ती जपून ठेवली.

दिवस गेल्याचं मी तिथंच सांगितलं. ह्यांना ऐकू गेलं नाही. "काय?" म्हणाले. परत सांगितलं. परत "काय?" मग मी अंगातला सगळा जीव गोळा करून ओरडले, "मले दिवस गेले हो!" ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, काही बोलले नाहीत, आणि त्या दिवशी एकेक खड्डा चुकवत ट्रॅक्टर असा हळू चालवला, की बैलगाडी आमच्या पुढे निघून गेली.

मुलगी झाली. ती थोडी मोठी झाल्यावर तिला आत्याबाईंच्या मांडीवर देऊन मी परत वावरात जाऊ लागले. तोवर उन्हाळा आला आणि नांगरट सुरू झाली. ट्रॅक्टरचं लहानपण उघडं पडायचं ते नांगरटीतच. आमची जमीन काळी, भारी, आणि कुंद्यानं भरलेली. त्या तणाची मुळं खोल असतात, म्हणून नांगरही खोल घालावा लागतो. तसा घातला की ट्रॅक्टर पुढची चाकं उचलायचा. मग पुढे दगडांची पोती बांधून त्याला खाली दाबायचं. दिवस सरायचा आणि तुकडा सरायचा नाही. वर ऊन, आणि मागून उठणारी धूळ वाऱ्यानं सगळी ह्यांच्या तोंडावर. संध्याकाळी घरी आले की ह्यांचे डोळे लालभडक झालेले, सुजलेले. मी माठाच्या पाण्यात फडकं भिजवायची आणि आत्याबाईंच्या हाती द्यायची. त्या ते ह्यांच्या डोळ्यांवर ठेवायच्या. मी चुलीपाशी बसून बघायची. माझ्या नवऱ्याचे डोळे, आणि फडकं ठेवायचा हात दुसऱ्याचा. त्याचा मला राग यायचा, आणि आत्याबाईंचा हात इतका मायेचा होता की रागाचीही लाज वाटायची.

त्याच उन्हाळ्यात थोरल्या दिरांनी बातमी आणली. देऊळगाव राजाकडचे एक बागायतदार आपला ट्रॅक्टर विकत होते. परदेशी बनावटीचा, आमच्यापेक्षा बराच मोठा, आणि त्याला काचांची केबिन. आत बसून दार लावलं की ना धूळ, ना लू. आमचा लहान ट्रॅक्टर आणि वर थोडे पैसे घेऊन तो द्यायला ते तयार होते. विश्वास बसावा म्हणून त्यांनी तो एक दिवस आमच्या वावरात चालवून बघायला पाठवला.

मी वावराच्या बांधावर, धुऱ्यावर उभी होते. नांगर ढेकळं उलटत सरळ निघून गेला, पुढची चाकं जरासुद्धा उचलली नाहीत. ज्या पट्ट्यात ह्यांचा दिवस जायचा, तो बघता बघता काळा झाला. वळून परत येताना काचेआड ह्यांचा चेहरा दिसला. चेहरा स्वच्छ होता. डोळ्यांत लाली नव्हती. हे माझ्याकडे बघून काहीतरी बोलले. ओठ हलले, आवाज आला नाही. मी हातानं खूण केली, काय म्हणता? हे परत बोलले. परत काही नाही. मग हे हसले आणि पुढे गेले.

केबिनमध्ये बसायला एकच जागा होती. मी नीट पाहून घेतलं होतं. मडगार्ड केबिनच्या बाहेर, काचेच्या पलीकडे.

त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. नवऱ्याचे डोळे वाचतात आणि बायको खट्टू होते, हे कुणाला सांगायचं? मी स्वतःला चांगलंच फैलावर घेतलं. एक मन म्हणायचं, गप्प बस, त्यांच्या डोळ्यांची काळजी आहे की नाही तुला? दुसरं विचारायचं, मग मी कुठं बोलू? परत जाताना आपल्या जुन्या ट्रॅक्टरवर मी मडगार्डवर बसले, पण त्या दिवशी पांदणभर आम्ही दोघंही काही बोललो नाही.

रात्रीची जेवणं झाल्यावर ओसरीवर बोलणं निघालं. मामाजी बैठकीवर, दीर आणि हे खाली सतरंजीवर. आत्याबाई आतल्या बाजूला, उंबऱ्याला लागून डाळ निवडत. मी त्यांच्या मागे, दाराआड, मुलीला थोपटत.

दीर म्हणाले, "घेऊन टाकू. इचार करायसारखं काई नाही त्यात."

हे म्हणाले, "नोको."

मी थोपटायची थांबले.

"काऊन नोको?" दिरांनी विचारलं.

"आत लय गरम होते. काचा तापतात. भट्टी होते आत."

"मंग काचा काढून टाक. एक दार काढून टाक. तेवढं काय त्यात?"

हे बोटानं सतरंजीचा धागा ओढत बसले. आणि मला कळलं, की ही गरमीची गोष्ट नाहीच. काचेआड ओठ हलवताना ह्यांच्याही मनात तेच आलं होतं जे माझ्या. माझ्यासाठी हा माणूस डोळे सुजवून घ्यायला तयार होता. दाराआड मला रडू आलं, आणि खूप बरंही वाटलं.

मामाजी खाकरले. "गरमीचं नोको सांगू," ते ह्यांना म्हणाले. "पांदणीच्या दोन्ही अंगानं लोकाईचे वावरं हायेत. तुमाले वाट्टे इंजिनच्या आवाजात कोनाले काई आयकू येत नाही. तुमालेच येत नाही. धुऱ्यावरच्या मानसाले सारं येते. लेकरू होनार हाय, हे मले शेजाऱ्याच्या तुरीत कयलं. घरात सांगाच्या आंधी गावाले मालूम होतं."

दीर हसू दाबत खाली बघायला लागले. ह्यांची मान छातीला टेकली. म्हणजे माहेरची आठवण, जाऊबाईंचं टोचणं, नाला चढतानाचं ते बोलणं, सगळं? सगळंच गेलं होतं धुऱ्याधुऱ्यानं. लोक इतके दिवस ऐकत होते आणि आमच्यासमोर एक शब्द काढत नव्हते.

मला वाटलं आता मामाजी रागावतील. ते रागावले नाहीत. ते समोरच्या खांबाकडे बघत राहिले, त्यांच्या नेहमीच्या सवयीनं. मग त्यांनी खांबावरची नजर काढली आणि बसल्याजागी पूर्ण वळून दाराकडे तोंड केलं. मुलांसमोर, सुनेसमोर, सरळ आत्याबाईंकडे पाहिलं.

"तुले काय वाट्टे व?" त्यांनी विचारलं. "घ्यावा का नाही?"

आत्याबाईंचा हात डाळीत थांबला. त्यांनी आधी मागं वळून माझ्याकडे पाहिलं, प्रश्न सुनेला होता की काय म्हणून. मग पदर सारखा केला. "इतक्या वर्सानं इचारलं तुमी," त्या म्हणाल्या. "मंग मले जरा इचार करू द्या."

आणि त्यांनी खरंच विचार केला. मामाजी त्यांच्याकडे बघत वाट पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर घाई नव्हती. शेवटी आत्याबाई म्हणाल्या, "लेकराचे डोये रोज मी पुसतो. घ्या तो. पन आंधी सूनबाईले इचारा. तिचं बी काई असन."

मामाजींनी ह्यांच्याकडे पाहून मान हलवली. ह्यांनी एकदा वडिलांकडे पाहिलं, एकदा भावाकडे. मग दाराकडे पाहिलं, माझ्याकडे.

"तुले काय वाट्टे?" ह्यांनी विचारलं.

घराच्या छपराखाली ह्यांनी मला चारचौघांत विचारलेला तो पहिला प्रश्न. मी उत्तर दिलं, पण इतकं हळू, की ते माझं मलाच नीट ऐकू आलं नाही.

"काय?" हे म्हणाले.

मी परत सांगितलं, तितक्याच हळू. ओरडायचं माझ्यानं होईना. तेव्हा हे सतरंजीवरून उठले, सगळ्यांच्या समोर उंबऱ्यापर्यंत आले आणि ऐकायला वाकले.

"घ्या तो," मी ह्या वेळी साध्या, ऐकू येईल अशा आवाजात म्हटलं. "पन संध्याकायी इथं माह्याजवय येऊन बसत जा."

ओसरीवर कुठलंच इंजिन चालू नव्हतं. सगळ्यांनी ते ऐकलं, आणि मला त्याची लाज वाटली नाही.