बियाण्यांच्या ऑफिसातला अक्षरांचा टीव्ही गेम

समस्त जालनेकरांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, येथील एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात एका जुन्या टीव्ही गेमचा पुनर्जन्म झाला, आणि तोही मजकूर टाईप करायच्या एडिटरमध्ये. जन्मदाता मी.

आमच्या साहेबांचा एकच कायदा होता. केबिनच्या काचेतून बघायचं; पडद्यावर चित्र दिसलं की खेळ, अक्षरं दिसली की काम. कॉम्प्युटरमधले पत्त्यांचे डावसुद्धा त्यांनी पुसून टाकले होते. मग मी अक्षरांतच खेळायचं ठरवलं. आमच्या एडिटरला आपल्या मनानं आज्ञा लिहून देता यायच्या. पोरपणी टीव्हीला जोडलेल्या ज्या डब्यात कॅसेट खोचून गेम खेळायचो, त्या डब्याचं डोकं जसं चालतं तसंच चालायला मी एडिटरला शिकवलं. कॅसेटमधला गेम फ्लॉपीवर मिळालाच होता. जमीन म्हणजे शून्यांची रांग, खड्डा म्हणजे कोरी जागा, आणि आपला गडी म्हणजे एक इंग्रजी एक्स. गडी आपोआप चालायचा, बैलगाडीच्या वेगानं. आपण फक्त उडी मारायची.

साहेब काचेतून बघायचे आणि भारावायचे. पेरणी तोंडावर आलेली, बियाण्यांच्या पिशव्यांच्या लेबलांचा ढीग पडलेला. साहेबांनी माझ्या वाटची लेबलं उचलून शेजारच्या टेबलावरच्या ताईंना दिली. माझं काम मोठं आहे म्हणाले. मी मान हलवली, तीही अगदी नम्रपणे.

ताईंची वडीगोद्रीची एसटी चुकायला लागली. एकदा टाईप करता करता त्या सहज बोलून गेल्या, की रोज संध्याकाळी त्या लेकीबरोबर टीव्ही गेम खेळायच्या. आता लेक दुसरा रिमोट हातात धरून तशीच झोपून जाते.

मी ताईंना चहा पाजला, दुसऱ्या दिवशी भजी आणली. लेबलं मात्र परत मागितली नाहीत. मागितली तर कारण सांगावं लागलं असतं, आणि गडी नुकताच पहिल्या खड्ड्यापर्यंत पोचायला लागला होता. माझी मजा त्या पोरीच्या खेळातून कापून घेतलेली आहे हे मला कळत होतं, आणि तरी मी भजीच आणत होतो.

शेवटी एका संध्याकाळी ठरवलं, आज सांगायचंच. उठणार तोच साहेब ताईंना घेऊन माझ्या पाठीशी हजर. ताईंना म्हणाले, लेबलं राहू द्या जरा, हे शिकून घ्या, उद्या कंपनी यावरच चालणार आहे.

माझी बोटं कीबोर्डवरून सुटली. गडी बिचारा शून्यांवरून कोऱ्या जागेकडं चाललेला. साहेब कौतुकानं मान डोलवत होते. खांद्याला पर्स, एसटीची वेळ टळत आलेली, अशा ताई पडद्याशी वाकल्या आणि त्यांनी डोळे बारीक केले. मी "साहेब, खरं सांगायचं तर" एवढंच म्हणालो, आणि ताईंच्या तोंडून निघून गेलं,

"अहो भाऊ, जल्दी उडी मारा ना, खड्ड्यात चालला की तो! आमची पोरगी तर डोळे झाकून पार करती ह्यो खड्डा!"