साहेबांची दिवेलागण

सातवीतच शाळा सुटलेली मी तेव्हा न्यू जर्सीत एका म्हाताऱ्या इंग्रज साहेबांकडे स्वयंपाकाला होते. ते आधी आरमारात होते, नंतर एका बेटाचे गव्हर्नर. घरात मेणबत्तीलाही मनाई होती. पण एका संध्याकाळी घरची फार आठवण आली, म्हणून मी खिडकीत दिवा लावून हात जोडले, तोच साहेब दारात! नोकरी गेलीच, असं वाटून मी दिवा विझवायला वाकले.

"राहू दे," म्हणत ते ताठ उभे राहिले. "बेटावर सूर्य मावळताना आमचा झेंडा उतरायचा. मी असाच उभा राहायचो."

दुसऱ्या दिवशी पाहते तर साहेब कोट घालून आधीच खिडकीपाशी हजर.

"उशीर केलास, बाई!"

घरी दिवेलागणीला आई अगदी अशीच ओरडायची.