हलतंय का बघायचंय...

परवा मी आणि धाकटी बहीण शोभा, आईला आंघोळ घालत होतो. आजारपणानंतर आई फारशी बोलत नाही, डोळे मिटून असते. तिच्या पायांवर कोमट पाणी ओतलं आणि मला एकदम कोयनानगरची आमची मोरी आठवली...

सत्तरच्या दशकातली गोष्ट. वडील धरणाच्या प्रकल्पावर नोकरीला आणि आम्ही कॉलनीत, पत्र्याच्या क्वार्टरमध्ये. मोठा भूकंप होऊन काही वर्षं झाली होती, पण बारीकसारीक हादरे चालूच असायचे. फळीवरचे पेले किणकिणले की सगळी कॉलनी अंगणात... मग हसत हसत परत आत, चुलीवरचं बघायला.

मी पाचवीत होते. बाईंनी फळ्यावर सजीवांची लक्षणं लिहून दिली होती... हालचाल, वाढ, श्वसन, पोषण वगैरे. 'चेतनाक्षमता' हा शब्द मी आठवडाभर घरात उगाच मिरवला. पण मनापासून पटली ती हालचाल. जे हलतं ते जिवंत, संपला विषय! "मग तुळस कुठं हलते गं?" असं बाईंनी विचारलं, तर मी म्हणाले, "वारा आला की हलते." बाईंनी कपाळाला हात लावला.

शेजारी हमीदाखाला राहायची, आमची मावशीच म्हणा. तिचा नवरा कॉलनीतल्यांचे कपडे शिवायचा आणि तिच्या कोंबड्या तिच्या घरापेक्षा आमच्याच घरात जास्त असायच्या. त्या वेळी तिनं एक खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली होती. पाटीत गवत, आणि कडेला एक लोखंडी खिळा नि कोळशाचा तुकडा... ढगांच्या गडगडाटानं नि जमिनीच्या हादऱ्यानं अंडी नासू नयेत म्हणून.

एका दुपारी चांगलाच हादरा बसला. आईला तेव्हा सातवा महिना होता. मला ओढत बाहेर पळताना ती उंबऱ्याला अडखळली आणि गुडघ्यांवर पडली. "काय न्हाई झालं," म्हणत उठली, लुगडं झटकलं आणि भाकरी थापायला बसली.

दुसऱ्या दिवशी खालानं आमच्याच अंगणात अंडी तपासायला काढली. दिवस भरत आले होते त्यांचे. घमेल्यात कोमट पाणी घेतलं, कोपर बुडवून बघितलं आणि एकेक अंडं हळूच सोडलं. पाणी निवांत झालं... आणि एक अंडं आपोआप डुललं! मग दुसरं.

"बघ बेटी, आत जित्तं हाय," खाला म्हणाली. जी हलली नाहीत, ती तिनं बाजूला ठेवली.

तेवढ्यात आई दाराशी आली. "आवं भाबी... कालपास्नं माझ्या पोटात हाललं न्हाई." एवढंच म्हणाली आणि चौकट धरून उभी राहिली.

"तू टेकून बस. मी नर्सबाईस्नी घिऊन येते," असं म्हणत खाला अंडी तशीच टाकून दवाखान्याकडं पळाली.

वडील ड्यूटीवर. घरात आई आणि मी. माझी नजर मात्र त्या बाजूला काढलेल्या अंड्यांवरून हलेना...

मी बंबातलं पाणी बादलीत काढलं, त्यात गार ओतलं, खालासारखं कोपर बुडवलं. आईला हाताला धरून मोरीत नेलं, बस म्हणाले. ती इतकी घाबरलेली होती की का, कशाला, काही न विचारता बसली. आणि मी लुगड्यावरूनच तिच्या पोटावर तांब्या तांब्या पाणी ओतायला लागले.

"आगं, काय करतीयास? खुळी का काय?"

"हलतंय का बघायचंय," मी म्हणाले. "खालाच्या अंड्यांसारखं..." आणि मला रडूच फुटलं.

मी सगळं ऐकलंय हे आईला तेव्हा कळलं. तिनं मला तसंच ओल्या अंगाशी ओढलं. माझा गाल तिच्या पोटावर दाबला गेला.

आणि माझ्या गालाला आतून ढुशी बसली.

"हाललं! आगं, हाललं की गं!" आई ओरडलीच. मग परत एकदा...

नर्सबाई आल्या तेव्हा आम्ही दोघी चिंब भिजून मोरीत हसत बसलो होतो. त्यांनी आधी आईला चांगलं झापलं. "पडलीस तेव्हाच यायचं होतंस. परत असं वाटलं तर थेट दवाखाना, पाणीबिणी ओतत बसायचं नाही!" मग पोटावर नळी लावून ऐकलं आणि मलाही कान लावू दिला. काय पळत होते ते ठोके...

ते बाळ म्हणजे ही शोभा. तिच्या बारशाला खालानं एक पिल्लू आणून आमच्या अंगणात सोडलं, शोभाचं म्हणून.

परवा आंघोळ घालता घालता मी शोभाला हेच पुन्हा सांगत होते. आईच्या तोंडून बरेच दिवस शब्द नव्हता, त्यामुळं दोघींच्याही मनात धाकधूक. शोभानं तिच्या पायांवर तांब्या रिकामा केला आणि वाकून बघितलं... बोटं हलतायत का.

आईनं डोळे उघडले नाहीत. पण म्हणाली, "मलाबी अंड्यागत तपासताय व्हय गं?"

बाईंनी फळ्यावर लिहिलेल्या लक्षणांत थट्टा नव्हती. असायला हवी होती... आमची आई आहे, अजून पुरती आहे, एवढंच आज सगळ्यांना सांगायचं होतं.