देवजीभाऊंना फेटा नको होता

फेटे बांधणारा कँटीनच्या टेबलावर कापड पसरून बसला होता. पहिला फेटा ज्यांच्या डोक्यावर चढायचा, ते देवजीभाऊ हात मागे बांधून भिंतीला टेकले होते.

"पागडी नाय बांधणार, ताई," ते मला म्हणाले. "बाकी काय पण सांगा."

कार्यक्रम तासाभरावर आला होता.

मी निघोज्याजवळच्या एका कारखान्यात एचआरला ट्रेनी आहे. सकाळी कॉलेज, दुपारी कंपनी. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. अब्बांचं थेरगावात टू-व्हीलरचं गॅरेज आहे. त्यामुळे ऑफिसात तोंड उघडायच्या आधी मी अजूनही दोनदा विचार करते.

कंपनीचं हेड ऑफिस कॅनडात आहे. तिथे येऊन वसलेल्या गोऱ्यांनी मूळच्या लोकांशी जमिनीचे करार केले आणि पुढे त्यातले बरेच पाळले नाहीत. आता तिथले लोक ठिकठिकाणी एकत्र जमतात आणि त्या करारांवर बोलतात. सुरुवातीला ‘लँड अ‍ॅक्नॉलेजमेंट’ होतं. म्हणजे आपण बसलोय ती जमीन आधी कोणाची होती, हे सगळ्यांसमोर म्हणायचं. यंदा सगळ्या प्लांटनी असा कार्यक्रम करावा, अशी मेल आली. तिकडून आलेला मजकूर मराठीत करायचं काम माझ्याकडे होतं.

आमचे मॅनेजर जगताप सर यांनी मेल वाचून एकच प्रश्न विचारला. "आपल्याकडे आदिवासी कोण आहे?"

देवजीभाऊ होते. सातपुड्यातले भिल्ल. पॅकिंगला, काँट्रॅक्टवर.

"झालं तर मग. फेटा, शाल, नारळ. फोटो हेड ऑफिसला."

रिटायरमेंट असो की सेफ्टी वीक, आमच्याकडे सगळं असंच होतं. मलाही त्यात काही चुकीचं वाटलं नव्हतं.

आता मी देवजीभाऊंना विचारलं, "फेट्याचं काय झालं?"

"आमच्यात एक म्हातारा नाईक होता, गावांचा मुखिया. इंग्रज साहेब आला. त्यानं पागडी बांधली, शेला दिला, कागदावर अंगठा घेतला. कागद कोणाला वाचता येत होता? मग आमच्याच जंगलातलं लाकूड आणलं तर चोरी झाली. तेव्हापासून आमच्या घरात पागडी नाय. लग्नातपण नाय."

"हे कधीचं?"

"साल काय माहीत! आजा सांगायचा. खरं किती, खोटं किती, तो गेला घेऊन." ते हसले. मग हळूच म्हणाले, "द्यायचंच असेल तर होळीचं बघा ना."

होळी म्हणजे त्यांच्याकडे केवढा सण! आमची ईद आणि शेजाऱ्यांची दिवाळी एकत्र केली तरी कमी पडेल. पण काँट्रॅक्टवरचा माणूस होळीला गावी गेला की काँट्रॅक्टर त्याच्या जागी दुसरा भरतो आणि याचा गेटपास बंद होतो. परत आल्यावर काम शोधायला पुन्हा मजूर नाक्यावर उभं राहायचं. गेल्या वर्षी पास जाईल म्हणून देवजीभाऊ गेलेच नाहीत. त्यांची आई त्यानंतर कित्येक दिवस फोनवर आली नाही. यंदा ते जाणार होते. पास गेला तरी.

मी सरांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं.

"अगं साजिदा, गेटपास काँट्रॅक्टरचा विषय आहे. आपल्या हातात फेटा आहे. समजव त्यांना."

"सर, गिऱ्हाईक ब्रेक लागत नाही म्हणतंय आणि आपण सीट कव्हर बदलून देतोय."

या वेळी दोनदा विचार न करताच बोलून गेले. सरांनी मान वर केली.

"कोणाचं वाक्य हे?"

"अब्बांचं."

"हुशार आहेत. आण इकडे तो मजकूर."

त्यांना जे वाचायचं होतं ते मी पुढे केलं. ‘ही जमीन आमच्या आधी ज्यांची होती, त्यांची आम्ही आठवण ठेवतो.’ सरांनी ते वाचलं. परत वाचलं. मग खिडकीतून पॅकिंग शेडकडे पाहत ते घरी बोलतात तसं बोलले.

"ही तर आमचीच हाय की. त्या शेडखाली आमचा भुईमूग व्हायचा. कारखान्यासाठी जमीन गेली तवा आजोबांचा सत्कार केला व्हता. फेट्यातला फोटो हाय घरी. घरटी एक नोकरी देतो म्हनले व्हते. वडलांचे जोडे झिजले, तवा कुठं ती मिळाली."

त्यांनी काँट्रॅक्टरला फोन लावला. स्पीकरवर.

"होळीला जाणाऱ्यांचे पास बंद करायचे नाहीत. तेवढ्यापुरती बदली माणसं दे."

"राव, लाइन कशी चालवायची?"

"गणपतीत परमनंटची कोकणातली पोरं जातात, तेव्हा कशी चालवतोस?"

"बघतो," काँट्रॅक्टर म्हणाला.

"बघू नको, कर. आणि कार्यक्रमाला ये."

मी धावत जाऊन देवजीभाऊंना सांगितलं. ते खूश होतील असं वाटलं होतं.

"केबिनमध्ये नको, ताई. सायेबांना सगळ्यांसमोर बोलू दे. आमच्यात चार माणसांत बोललेलंच धरतात."

होळीला जाणाऱ्यांचे पास बंद होणार नाहीत, हे जगताप सर माइकवर बोलले. काँट्रॅक्टर पहिल्या रांगेत बसला होता आणि पडद्यावर हेड ऑफिस. मी अडखळत इंग्रजीत सांगितलं, तेव्हा पडद्यावरच्या मॅडमनी ते लिहून घेतलं. मागून एक बिहारी पोरगा ओरडला, "साहब, छठ का भी बोल दो!" सर म्हणाले, "आधी होळी तर होऊ दे!" मग देवजीभाऊंनी उघड्या डोक्याने पागडीची गोष्ट सांगितली आणि "बस, एवढंच," म्हणून खाली बसले.

होळीनंतर मी मुद्दाम गेटवर थांबले. देवजीभाऊंनी कार्ड लावलं. हिरवा दिवा लागला. त्यांच्याबरोबर गेलेल्यांपैकी एक जण ठरल्यापेक्षा उशिरा आला, त्याचा पास मात्र बंद झाला होता. त्याच्यासाठी आम्ही अजून भांडतोय. छठचं काहीच ठरलेलं नाही.

हेड ऑफिसने कळवलं, की कार्यक्रम चांगला झाला, फोटोंत रंग थोडा कमी वाटला. फेट्यांचं कापड स्टोअरमध्ये पडून आहे. त्या खोक्यावर मी मार्करने लिहून ठेवलंय, ‘बांधण्याआधी विचारा.’