खराब झालेला कागद

"खराब झालेला कागद दाखव बरं."

चित्रकला स्पर्धेत परीक्षक म्हणून गेल्यावर बाई मुलांकडे पहिलं हेच मागायच्या. भिंतीवरच्या चित्रांकडे पाठ, चष्मा कपाळावर आणि हात पुढे केलेला. मुलं आधी गोंधळायची, मग दप्तरातून एखादा चुरगळलेला कागद काढून द्यायची. बाई तो मांडीवर सपाट करून आवडीने बघत बसायच्या.

आम्ही दोघं नाशिकच्या एकाच शाळेत चित्रकला शिकवायचो आणि परीक्षक म्हणूनही जोडीनेच जायचो. अशा स्पर्धा तुम्हीही पाहिल्या असतील. चित्रातला सूर्य मुलाच्या हातचा आणि सावल्या आईबापाच्या हातच्या. माझं डोकं फिरायचं. बाई म्हणायच्या, "सर, चिडता कशाला? पोर कुठे चुकलं ते बघा. तिथे ते एकटं असतं."

त्या सुमाराला शहरात एका आठ वर्षांच्या मुलीचा फार बोलबाला होता. वडील पिंपळगावचे द्राक्षांचे व्यापारी. तिने काढलेल्या रामकुंडाच्या चित्रासमोर लोक मोबाइल काढून उभे राहायचे. चित्रं दुसऱ्याच कुणाची आहेत, अशी कुजबुजही होती. म्हणून गंगापूर रोडवर प्रदर्शन भरवलं तेव्हा उद्घाटनाच्या आधी वडिलांनी आम्हाला बोलावलं. बाईंनी "चित्रं हिचीच" असं जाहीर सांगितलं की लोकांची तोंडं बंद होणार होती.

चित्रं पाहून मी गार पडलो. त्यातलं पाणी हलत होतं. खरं सांगतो, मला हेवा वाटला. बाई मात्र मुलीसमोर बसल्या आणि त्यांनी नेहमीसारखा हात पुढे केला.

मुलीने आधी वडिलांकडे पाहिलं. "माझा कागद खराब होत नाही," ती पाठ केल्यासारखं म्हणाली.

"हिचं चुकतच नाय मॅडम," वडील हसत म्हणाले. "पहिले चुकायची. मी सवय मोडली."

"कशी मोडली?"

"चुकलं का कागद फाडायचा अन् परत पहिल्यापासून. जेवण त्याच्यानंतर. आता एका दमात काढते."

हे त्यांनी मोठ्या कौतुकाने सांगितलं. बाईंनी मुलीला तिथेच एक चित्र काढायला सांगितलं. तिने काढायला घेतलं, आणि हात तिचाच होता, शंकेला जागाच नव्हती. तेवढ्यात ब्रशवरून पाण्याचा एक थेंब आकाशावर पडला. मुलगी थिजली. तिने तो टिपला नाही, त्यावर रंगही फिरवला नाही. दोन्ही हात फ्रॉकखाली घेतले आणि दाराशी फोनवर बोलणाऱ्या वडिलांकडे बघत राहिली.

बाईंनी स्वतःचं बोट पाण्यात बुडवलं आणि त्या आकाशावर आणखी थेंब शिंपडले. "हा कागद माझ्या हातून खराब झाला," वडिलांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या. मुलीने हळूच त्यांचा पदर धरला.

नंतर वडिलांना बाजूला घेऊन बाईंनी सांगितलं, "चित्रं तिचीच आहेत. म्हणूनच सांगते, हे प्रदर्शन थांबवा. वर्षभर कुणाला काही दाखवू नका. तिला वाट्टेल तसं चुकू द्या. नाहीतर ही जन्मभर आहे तिथेच राहील."

"पाहुणे येऊन बसलेत मॅडम," वडील म्हणाले. "तुम्ही फक्त ते पहिलं वाक्य बोला."

बाई पायऱ्या उतरून निघून आल्या, मागोमाग मीही. ते वाक्य बोलणारे दुसरे जाणकार अर्ध्या तासात मिळाले, असं नंतर कळलं. पुढे त्या अधूनमधून पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा घेऊन त्या मुलीच्या घरी जायच्या. फाटकातच सांगितलं जायचं, सराव चालू आहे. गेल्या थंडीत बाई वारल्या.

यंदाच्या स्पर्धेला मी एकटाच परीक्षक होतो. ती मुलगी आली होती, आता चांगली उंच झालेली. बाकीची मुलं रंगात हात बुडवून बसली होती आणि ही कोऱ्या कागदासमोर स्वस्थ. मी जवळ गेलो तसं तिने विचारलं, "त्या बाई नाही आल्या?"

"बाई गेल्या गं," मी म्हणालो.

मागून वडिलांचा आवाज आला, "बेटा, टाइम चाललाय."

तिने ब्रश उचलला आणि रामकुंड काढायला घेतलं. आठव्या वर्षी काढलं होतं तेच. त्याच पायऱ्या, तेच पाणी, काठावर बसलेली माणसंसुद्धा तिथेच आणि तेवढीच. मी तिच्या मागे उभा राहून बघत होतो आणि बाई हव्या होत्या असं मला इतकं कधीच वाटलं नव्हतं.