अनुमोदन

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. एकदा सांगायला गेलो होतो. ती पोळ्या लाटत होती, मी ओट्याला टेकून उभा राहिलो, आणि शेवटी ‘मीठ संपलंय का’ असं काहीतरी विचारून बाहेर आलो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

आमची इमारत सीवूड्सला. राहायला येऊन बरीच वर्षं झाली तरी बिल्डर सोसायटी काही करून देईना. लिफ्ट बंद पडली की त्याच्या माणसाची मनधरणी, टाकीत पाणी चढलं नाही की त्याच माणसाची मनधरणी. घर आमचं, आणि राहायचं पाहुण्यासारखं. शेवटी समोरच्या फ्लॅटमधल्या मिलिंदने मनावर घेतलं. “बिल्डर नाही आला तरी चालतं रे,” तो म्हणाला. “निम्म्याहून जास्त फ्लॅटवाले एकत्र आले की आपली आपण नोंदवता येते. टेन्शन नको घेऊ.”

मिलिंद रबाळ्याला एका कंपनीत अकाउंट्स बघायचा. माणूस बडबड्या, थोडा चिडका, कॅरममध्ये हरला की पावडर कमी होती म्हणणारा. त्याने सगळं शोधून काढलं. आधी सगळ्यांची सभा, तिथे मुख्य प्रवर्तक निवडायचा. मग त्याच्या सहीने सोसायटीचं नाव राखून घ्यायचं, बँकेत खातं उघडायचं, आणि उपनिबंधकांकडे नोंदणीचा प्रस्ताव द्यायचा. आम्ही दोघं दारोदार फिरलो. म्हणजे लोकांना पटवायचं काम त्याचं, आणि त्यांच्याकडचा चहा प्यायचं माझं.

मिलिंद बौद्ध. हे आधी सांगायला हवं होतं का? आमच्या मैत्रीत त्याची कधी गरज पडली नाही, असं मी सगळ्यांना सांगत आलोय. गरज पडली नव्हती ती मला. त्याला रोज पडत असेल.

एका संध्याकाळी जिन्यात बसून त्याने वडिलांचं सांगितलं. ते कोकणातल्या त्यांच्या गावी सोसायटीचे सभासद होते — खत-बियाण्यांची असते ना, ती. सभा असली की बाकीचे आत सतरंजीवर, आणि वडील बाहेर पायरीवर. सही करायला वही पायरीवर आणून द्यायचे. “माझ्या नावावर एक सोसायटी उभी राहू दे,” तो म्हणाला, “मग कोणाला काय बोलायचं ते बोलू दे.” मग जरा लाजला. “सभेत देसाईकाकू मुख्य प्रवर्तक म्हणून माझं नाव सुचवणारेत. तू फक्त अनुमोदन दे.” मी म्हणालो, हे काय सांगायला पाहिजे?

— हो, असंच म्हणालो होतो.

सभेच्या आदल्या दिवशी लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरचे साठे भेटले. “मिलिंद तसा चांगलाच आहे हो,” ते हळूच म्हणाले. “पण सोसायटी म्हटलं की पहिलं नाव कोणाचं, ते लोक बघतात. उद्या फ्लॅट विकायचा झाला तर? तुम्हाला कळतंय ना?” मी काय बोललो? हसलो. पटलं होतं का मला? नव्हतं. मग हसलो कशाला? कारण साठ्यांशी वाईटपणा घ्यायचा नव्हता. एवढंच. यापेक्षा मोठं कारण मी खूप शोधलं, सापडलं नाही.

रविवारी खाली पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. देसाईकाकूंनी ठणठणीत आवाजात मिलिंदचं नाव सुचवलं. सभा चालवणाऱ्या गृहस्थांनी विचारलं, “अनुमोदन?”

मी मिलिंदच्या शेजारीच बसलो होतो. साठे समोर होते, आणि ते माझ्याकडे बघत होते. मी खिशातून मोबाईल काढला आणि त्यात डोकं घातलं. स्क्रीन काळी होती. “अरे, बोला की कोणीतरी,” काकू म्हणाल्या. मिलिंदने मान वळवून माझ्याकडे पाहिलं — ते न बघताही मला कळलं. अनुमोदन नाही म्हणून नाव पडलं. मग साठ्यांनी माझं नाव सुचवलं. माझं! नाही म्हणायचं सोडून मी मोबाईल पुन्हा खिशात ठेवला.

“अनुमोदन?”

“माझं,” मिलिंद म्हणाला. हात वर करून. “लिहा.”

पुढचं सगळं त्यानेच केलं. उपनिबंधक कार्यालयात मी टेबलाशी सह्या करायचो आणि तो मागे भिंतीला टेकून उभा असायचा. सोसायटी नोंदली गेली, पेढे वाटले, माझा सत्कारही झाला. त्या रविवारनंतर त्याने मला कधी अरे म्हटलं नाही. ‘अहो, इथे सही करा. अहो, उद्या लवकर निघू.’ सगळं व्यवस्थित. एवढी वर्षं अरे-तुरे करणारा माणूस. ते ‘अहो’ ऐकलं की मला रडू यायचं, आणि मी चष्मा पुसायचो.

दोन-तीन वर्षांत फ्लॅट विकून तो उरणला गेला. बायकोची बदली तिकडे झाली म्हणाला. झालीही असेल. फ्लॅटला भाव चांगला आला.

हल्ली सोसायटीच्या सभेत कुठलाही ठराव येवो — टाकी धुण्याचा, गेटला रंग देण्याचा — ‘अनुमोदन?’ विचारायच्या आत माझा हात वर गेलेला असतो. लोक हसतात. काकांना भारी घाई, म्हणतात. सेक्रेटरी तर न विचारताच माझं नाव लिहून टाकतो. हात काही जड नसतो. त्या दिवशीही नव्हता.